कडावच्या ओढ्यावरची गटप्रमुख

मुलांनो, फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू एवढी कोणावर चिडली आहेस?" शांतपणे सांगणं त्या वेळी जमलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आमच्याकडे तरुणांसाठी एक निसर्गसेवेचा उपक्रम चालतो. मुलं झाडं लावतात, ओढे अडवतात आणि त्यातून म्हणे नेतृत्व घडतं. मी निवृत्त इंग्रजी शिक्षिका, म्हणून निवड समितीवर मला घेतलं. भातकापणी झाल्यावर कडावजवळच्या ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून बंधारा घालायचं शिबिर होतं. दिवाळीनंतर ओढ्यात जेवढं पाणी उरतं, तेवढं अडवलं तर पुढे गुरांना पुरतं.

शिबिरप्रमुख मुंबईचे. त्यांनी जागा निवडली ती रस्त्याला लागून, रुंद आणि फोटोला छान. कडावचीच एकोणीस वर्षांची एक मुलगी गटात होती. ती म्हणाली, "सर, हितं खाली सगळी वाळू हाय. पाणी गोणीखालनं जाईल. तिकडं खाली कातळ हाय, तितं बांधू."

प्रमुख हसून म्हणाले, "अगं, लीडर आधी ऐकून घेतो."

"मग ऐका ना, सर."

सगळे हसले, पण बंधारा रस्त्याजवळच झाला. दुसऱ्या दिवशी पाणी गोण्यांच्या खालून खुशाल वाहत होतं. प्रमुख कुठल्याशा बैठकीला गेले होते. त्या मुलीने कोणाला न विचारता मुलांना रांगेत उभं केलं आणि एकेक गोणी हातोहात खाली कातळापर्यंत नेली. सांधे चुकवून थर रचायला लावले. मध्ये चिकणमाती ठासून घेतली. एकाच्या तळहाताला फोड आले, तर त्याला गोण्यांची तोंडं शिवायला बसवलं. "रडू नको रं, सुई तरी धरशील ना?" संध्याकाळपर्यंत मागे गुडघाभर पाणी साठलं. मी काठावर खुर्ची टाकून हे सगळं पाहत होते.

आठवड्याने वर्षभराचा गटप्रमुख निवडायचा होता. त्या पदाला मानधन होतं. निवड झाली तर तिचं कॉलेज चालू राहणार होतं. नाही झाली तर वडिलांनी एका फार्महाऊसवर चादरी बदलायचं काम ठरवून ठेवलं होतं. मला हे माहीत होतं.

मुलाखतीचा फॉर्म मी तयार केला होता. तुम्हाला माझे तक्ते माहीत आहेत: दहा रकाने, सरळ रेषा. त्यातले चार इंग्रजीचे. आपली ओळख करून द्या, नेतृत्व म्हणजे काय, असले प्रश्न. तिने पहिलं वाक्य अर्धवट बोलून खाली पाहिलं. मी नियमाप्रमाणे गुण दिले, बेरीज केली, सही केली. निवड झाली ती खोपोलीच्या एका मुलाची. बोलायला गोड आहे, वाईट नाही. गोण्यांच्या दिवशी तो आलाच नव्हता.

घरी आल्यावर जेवण गेलं नाही. सकाळी प्रमुखांना फोन करून म्हटलं, "निकाल चुकला आहे, बदला."

"मॅडम, फॉर्म तुमचाच आहे," ते म्हणाले, आणि वर विचारलं, "तिचा गोणी उचलतानाचा फोटो आहे का हो? अहवालाला हवा होता."

तेव्हा मी जे बोलले ते तुम्हाला लिहिणार नाही.

दुपारी तिच्या घरी गेले. ती अंगणात भात वाळत घालत होती. मी म्हटलं, माझी चूक झाली. तिने हातातलं काम थांबवलं नाही.

"आजी, तुमी तितं बसलेल्या. सगळं बघितलंत ना?"

"हो गं."

"मग कागदाला कशाला इचारलंत?"

मी चाळीस वर्षं वर्गात प्रश्न विचारले, पण असा एकही नाही. खरा राग आला तो तिथेच, आधी माझा, मग त्या प्रमुखांचा, मग ओढा अडवायलासुद्धा इंग्रजी मागणाऱ्या आम्हा सगळ्या शहाण्यांचा. तो अजून उतरलेला नाही.

सोमवारपासून ती फार्महाऊसवर जाते. मी समितीला लेखी कळवलं आहे की माझे गुण आणि माझी सही मी मागे घेते, आणि ओढ्यावर काय पाहिलं तेही सविस्तर लिहिलं आहे. मराठीत. उत्तर आलेलं नाही. उद्या डबा घेऊन त्यांच्या कार्यालयात जाऊन बसणार आहे, आणि ती निवड पुन्हा होईपर्यंत रोज बसणार आहे. तुमच्या आईला सांगा, गोळ्या वेळेवर घेते आहे.