नवीकोरी जुनी बंदूक

आमच्या घरात बंदूक आहे असं सांगितलं की पाहुणे खुर्ची जरा मागे सरकवतात. ती ठासणीची आहे, म्हणजे तोंडातून दारू भरायची, गजानं ठासायची आणि गारगोटीच्या ठिणगीवर उडवायची, असं सांगितलं की खुर्ची पुन्हा पुढे येते. आणि ती जुनी नाही, नवीकोरी आहे, असं सांगितलं की समोरचा चहा विसरतो. कारण मग प्रश्न एकच उरतो, आणि तो विचारायला लोक लाजतात. काहून?

काहून, म्हणजे कशासाठी, ते मलाही माहीत नाही. बाबा इथं जबलपूरला तोफांच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. शहराबाहेर पाटनकडे आमच्या जमिनीचा एक तुकडा आहे, तिथला मटार रानडुकरं खातात, म्हणून आजोबांच्या काळापासून घरात ठासणीच्या बंदुकीचं लायसन्स आहे. आजोबांची बंदूक गंजून गेली तेव्हा बाबा रिटायर झाले होते आणि त्यांना काही उद्योग नव्हता. ते दुकानात गेले आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या बंदुकीची हुबेहूब नक्कल घेऊन आले. ज्या माणसानं आयुष्यभर मैलोगणती लांब गोळा फेकणाऱ्या तोफांचे नट-बोल्ट पास केले, त्यानं पावसात पेटतसुद्धा नाही अशी बंदूक पसंत केली.

"रायफल आहे," बाबा प्रत्येकाला सांगत. "आत पिळाच्या खाचा आहेत. पाहून घ्या." आणि टॉर्च पुढे करत.

इन्स्पेक्शनचा माणूस रिटायर होतो, त्याच्यातलं इन्स्पेक्शन होत नाही. शहरातल्याच गोरखपूर बाजारातून आणलेली जिलेबी वेटोळं अपुरं म्हणून परत पाठवलेली मी पाहिली आहे. दर रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं, आईच्या जुन्या सुती साडीची चिंधी गजाला गुंडाळायची, तेल लावायचं, नळी आतून पुसायची, मग चिंधी उजेडात धरून तिच्यावरचा डाग पाहायचा. डाग दिसला की बाबा खूश. न उडवलेल्या बंदुकीत डाग येणार कुठून? पण जबलपुरात पावसाळा आहे, आणि लोखंड ते लोखंड. आम्ही पोळी-भाजी मांडीवर घेऊन खायचो.

बंदूक उडवली मात्र कधीच नव्हती. आधी लायसन्सवर नोंद व्हायची होती, मग दारू नव्हती, मग दारू आली तर पावसाळा आला. आणि आई म्हणायची, "डुक्कर झालं तरी कोणाचं तरी लेकरूच आहे."

तिचा बंदुकीवर राग नव्हता. दसऱ्याला ती सुरी, विळी, शिलाई मशीन, माझी स्कूटर यांच्याबरोबर बंदुकीचीही पूजा करायची. फक्त बंदुकीचं कपाळ कुठं असतं यावर दोघांचा वाद होता. शेवटी आईनं ठरवलं, की नळीच्या बाजूला रंजक ठेवायची, म्हणजे पेटवायची चिमूटभर दारू ठेवायची, जी छोटी पोलादी वाटी आहे, तेच कपाळ. तिथं ती ओलं हळद-कुंकू बोट दाबून लावायची. बाबा लगेच पुसायचे. ती परत लावायची. एकदा म्हणाली, "पुसून काहून राहिले? विधवा आहे का ती?" त्यानंतर बाबांनी पुसणं सोडलं.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग बाबांचा कान गेला.

एक आधीच गेला होता, कारखान्यातल्या ठोकाठोकीत. दुसराही आता चालला होता. राइट टाउनमधल्या डॉक्टरांनी यंत्र दिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की हाही हळूहळू जाणार. बाजूला घ्यायची गरज नव्हती. बाबांना तसंही ऐकू आलं नसतं. यंत्र शिट्ट्या मारायचं, म्हणून बाबा ते शर्टाच्या खिशात ठेवायचे, आणि खिशातून ते शिट्ट्या मारायचं.

आई मोठ्यानं बोलायला तयार नव्हती. लग्न झाल्यापासून ती बाबांशी हळूच बोलत आली होती. "मी नाही ओरडणार. मोहल्ल्याला कळायला पाहिजे का मी यांना काय सांगून राहिली?" त्यामुळे ती मला सांगायची आणि मी बाबांना ओरडून सांगायचे. "पालक आहे की मेथी, विचार." "बाबा! पालक की मेथी?" मोहल्ल्याला सगळं कळायचंच, फक्त माझ्या आवाजात. बावन्नाव्या वर्षी, रेल्वेच्या ऑफिसात दिवसभर फायलींशी बोलून आल्यावर, मी दोन म्हाताऱ्यांच्या मधला भोंगा झाले होते. चिडायचे मी. खूप चिडायचे.

अशात एक दिवस बाबा म्हणाले, "मला ती बंदूक एकदा उडवायची आहे. ऐकू येतं तोवर."

एवढंच म्हणाले. मग वर्तमानपत्र उघडलं. मी दारू शिल्लक आहे का ते पाहायला गेले.

दारू होती. अडचण गारगोटीची निघाली. दुकानदारानं दिलेल्या गारगोट्या बाबांनी नुसत्या ठिणग्या पाहण्यात झिजवून टाकल्या होत्या. आता दुकानदार म्हणे, मागवावी लागेल, येईल तेव्हा येईल. तेव्हा बाबांना नर्मदा आठवली. लम्हेटा घाटावर तपकिरी-लाल, मेणासारखे गुळगुळीत दगड पडलेले असतात. फोडले की पात्यासारखी धार निघते. मी स्कूटरवर मागे बसवून नेलं. बाबांनी अर्धा दिवस एकेक दगड उचलून, नखानं वाजवून, कानाला लावून, ऐकू न आल्यानं परत टाकून, शेवटी चार पास केले.

घरी आल्यावर ते हात धुवायला गेले. परत आले तर चारही दगड देवघरात होते. आंघोळ घातलेले, भस्म लावलेले, प्रत्येकावर बेलाचं पान.

"नर्मदेचा कंकर म्हणजे शंकर," आई मला म्हणाली. "सांग त्यांना. आणि पूजा झाली आता. पूजा झालेल्या देवावर हातोडा घालतात का कोणी?"

मी ओरडून सांगितलं. बाबा देवघरासमोर उभे राहिले, ज्या नजरेनं ते सदोष बोल्टाकडे पाहायचे त्या नजरेनं. पण जबलपुरात राहून नर्मदेशी कोण वाद घालणार?

आम्ही पुन्हा गेलो. या वेळी बाबांनी दगड डब्यात लपवले. आईनं डबा घासायला घेतला. पुन्हा गेलो. या वेळी माझ्या पर्समध्ये. आईनं पर्समध्ये कधी हात घातला नव्हता, पण म्हणाली, पर्स जड दिसून राहिली. देवघरात आधी पंचायतन होतं, आता ग्रामपंचायत झाली. नैवेद्याची वाटी ठेवायला जागा उरली नाही. बाळकृष्ण दोन शंकरांच्या मध्ये चेंगरून रांगत होता. आणि रोज सकाळी बाबा पूजेला बसायचे तेव्हा त्यांच्या पुढ्यात जबलपुरातल्या उत्तम गारगोट्यांचा साठा असायचा, हात जोडण्यापुरता.

मी आईवर भडकले. म्हटलं, "आई, बाबांचा कान चालला आहे! हे काय खेळ लावून राहिली तू?"

ती म्हणाली, "खेळ ते लावून राहिले. आवाज काय, दिवाळीत ऐकतील."

मग ती दुपार आली. आमच्या शहरात अधूनमधून लांबून धुम्म असा आवाज येतो. तोफांची चाचणी असते. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. काचेच्या कपाटातले ग्लास किणकिणतात, मांजर डोळे उघडून परत मिटतं. बाबा कामावर होते तेव्हा प्रत्येक धुम्मला मान हलवायचे, आपण पास केलेला बोल्ट टिकला म्हणून. त्या दुपारी धुम्म झालं. ग्लास किणकिणले. पुन्हा झालं. बाबा खिडकीशी बसून शेंगा सोलत होते. सोलता सोलता म्हणाले,

"आजकाल चाचणी बंद आहे वाटतं. किती दिवस झाले, काही ऐकलं नाही."

कपाटातले ग्लास अजून थरथरत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. या वेळी तिनं मला काही सांग म्हटलं नाही. ती देवघरात गेली. मग तिनं एका दगडावर अक्षता वाहिल्या, गणपती हलवताना हलवतात तसा तो जरासा हलवला, पदरानं भस्म पुसलं आणि आणून बाबांच्या शेंगांच्या परातीत ठेवला.

बाबांनी दगडाकडे पाहिलं, मग आईकडे.

"सांग त्यांना," आई मला म्हणाली, "तिसरा डोळा आहेच शंकराला. आग लावायचं काम त्याला नवं नाही."

बाबांनी अंगणात दगड फोडला तेव्हा आईनं मुद्दाम कुकर लावला, शिट्टीत हातोडा ऐकू येऊ नये म्हणून. उरलेल्या कपच्या तिनं गोळा केल्या आणि विसर्जनासाठी पिशवीत बांधून ठेवल्या.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं पाटनकडे गेलो. आईच्या अटी दोन होत्या. एक, बंदुकीत गोळी घालायची नाही, फक्त दारू आणि चिंधीचा बोळा. दोन, ती बरोबर येणार. माझी अट एक होती, डॉक्टरांच्या भीतीपोटी: कानात कापूस घालायचा. बाबा म्हणाले, ऐकायला चाललो आणि कापूस? बराच वेळ घासाघीस झाली. अखेर ठरलं की कापूस घालायचा, पण आधीच गेलेल्या कानात. माझं समाधान झालं. कसं झालं, ते आता विचारू नका.

आमची जमीन करणारे भैया मटाराच्या बांधावर उभे होते. बाबांनी तोंडातून दारू भरली, गजानं ठासली, वाटीत रंजक घातली, घोडा मागे ओढला. मोकळ्या पडीक तुकड्याकडे नळी धरली. मी दोन्ही कानांत बोटं घातली. चाप ओढला.

देवाची शपथ, नर्मदेच्या दगडानं काय ठिणगी पाडली! वाटीतून भक्कन जाळ उठला, पांढरा धूर बाबांच्या तोंडावर आला. आणि सगळं शांत.

बाबा तसेच उभे राहिले. मग बंदूक हळूच खाली केली. त्यांनी जाळ पाहिला होता, धूर पाहिला होता, दारूचा वास घेतला होता. चांगल्या कानाला हात लावला. आमच्याकडे वळून, अगदी बारीक आवाजात त्यांनी विचारलं,

"वाजली ना?"

माझ्या कानांत बोटं होती. क्षणभर मलाच कळेना की वाजली का. भैया म्हणाले, "अंकलजी, फुस्स हो गई," पण ते बांधावर होते आणि बाबांना काही ऐकू आलं नाही. बाबांचा चेहरा मी आयुष्यात तसा पाहिला नव्हता. आपण संपलो असं वाटणाऱ्या माणसाचा तो चेहरा होता. मला ओरडायचं होतं आणि माझा भोंगा नेमका त्या वेळी बंद पडला.

आई चपला तिथंच टाकून ढेकळांतून धावली. सत्तर ओलांडलेली बाई, पदर खोचून. तिनं बाबांचा दंड धरला, तोंड त्यांच्या कानाशी नेलं आणि अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल अशी ओरडली,

"वाजली नाही! अहो, बंदूक वाजलीच नाही! तुमचा कान ठीक आहे!"

मटारातून टिटव्या उडाल्या. बाबांनी तो कान चोळला.

"मग ओरडून काहून राहिली?" ते म्हणाले. "ऐकू येऊन राहिलं ना."

थोडा वेळ थांबून बाबांनी चष्मा लावून तपासणी केली. वाटीतून नळीत आग जायला जे बारीक भोक असतं ते बुजलं होतं. आईनं बांगडीची सेफ्टी पिन काढून दिली. बाबांनी भोक कोरलं तर आतून लाल भुगा पडला. सगळ्या दसऱ्यांचं कुंकू. बाबांनी तो बोटावर घेऊन आईसमोर धरला. आई मटाराकडे पाहत होती, पीक कसं काय आहे वगैरे.

दुसऱ्यांदा वाजली. चांगली वाजली. बाबांनी नळी खाली केली आणि डोळे पुसले. म्हणाले धूर आहे. धूर होता, पण तो उलट्या दिशेला चालला होता. मीही पुसले.

उडवलेली बंदूक त्याच दिवशी गरम पाण्यानं धुवावी लागते, नाहीतर सकाळपर्यंत गंज धरते. घरी आल्यावर आईनं बादलीत पाणी काढलं, हात घालून कढत आहे का पाहिलं, वर थोडं उटणं टाकलं. बाबांनी त्यातच बंदूक धुतली. आंघोळीनंतर तेलही लावलं.

त्याला आता बरेच महिने झाले. डॉक्टर म्हणाले तसं होत चाललं आहे. परवा दुपारी मी घरी होते. लांबून धुम्म झालं, कपाटातले ग्लास किणकिणले. बाबा खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनी पानही हलवलं नाही. आई पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आली, त्यांच्या कानाशी वाकली आणि जोरात ओरडली,

"वाजली!"

बाबांनी मान हलवली.

"ऐकली," ते म्हणाले.