फक्त दुसरी आवृत्ती

मी बुऱ्हाणपूरच्या एका कॉलेजात कम्प्युटर शिकवत होतो आणि माझा मित्र कचेरीत टायपिस्ट होता. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली कागदपत्रं नव्या कम्प्युटरवर उघडली की नुसती चिन्हांची खिचडी दिसायची. ती पुन्हा वाचण्याजोगी करून देणारा प्रोग्राम आम्ही दोघांनी लिहिला आणि मुक्त सॉफ्टवेअर म्हणून नेटवर ठेवला. कुणीही घ्यावा, बदलावा, वाटावा. अट एवढीच की त्यातून जे होईल तेही त्याच परवान्याखाली खुलं राहावं. जोडाक्षरांचा सगळा भाग त्याचा होता. त्याची ती नजर माझ्याकडे नव्हती.

चाळिशीच्या आतच तो काविळीने गेला.

दोनेक वर्षांनी शब्दतपासणीचा एक मोठा मुक्त प्रकल्प चालवणाऱ्यांनी आमचा प्रोग्राम सामावून घ्यायचं ठरवलं. मी लगेच हो म्हटलं. मग त्यांच्यातल्या एका बाईंनी फाइली तपासून मला कळवलं की त्यांचा प्रकल्प त्याच परवान्याच्या नव्या, तिसऱ्या आवृत्तीखाली आहे, आणि आमच्या प्रत्येक फाइलच्या डोक्यावर लिहिलंय, ‘फक्त दुसरी आवृत्ती’. ‘किंवा त्यानंतरची कोणतीही’ असं असतं तर अडलं नसतं. ‘फक्त’ असल्यामुळे दोन्ही एकत्र करून वाटता येत नव्हतं. परवाना बदलायचा तर लिहिणाऱ्या प्रत्येकाची संमती हवी. जो हयात नाही, त्याच्या वारसाची.

ती ओळ मीच घातली होती. दुसऱ्या कुठल्याशा प्रोग्राममधून उचलून, नीट न वाचता. मित्राला मी ‘हे वर टाकतोय’ एवढंच म्हटलं होतं, आणि त्याने मान हलवली होती.

त्याची बायको नदीपलीकडे जैनाबादच्या शाळेत शिकवायची. मी संमतीपत्र आणि फाइलींच्या प्रती घेऊन तिच्या घरी गेलो. वहिनींनी सगळं सावकाश वाचलं.

“इथे तर लिहिलंय, फक्त दुसरी,” त्या म्हणाल्या.

“हो. तेच बदलायचंय. त्याचं काम तसंच राहील, वहिनी.”

“मग त्यांनी सोचूनच लिहिलं असेल ना भाऊ. ते एक मात्रासुद्धा उगाच नव्हते टाकत.”

मी खरं ते सांगितलं. ती ओळ माझी आहे, त्याची नाही.

त्यांनी कागद खाली ठेवला. “हे तुम्ही आज सांगताय. दस्तखत पाहिजे तेव्हा.”

त्यांनी फाइलींच्या प्रती सारख्या करून माझ्याकडे सरकवल्या.

“त्यांचं स्वतःचं म्हणावं असं लिहिलेलं एवढंच आहे. बाकी सगळं कचेरीचं. यात मी हात घालणार नाही.”

महिन्याभराने पुन्हा गेलो, तेव्हा त्या दारातच बोलल्या. तिसऱ्यांदा गेलो नाही.

उरला एकच मार्ग, त्याचा भाग काढून नव्याने लिहायचा. तोही मी लिहायचा नाही असं ठरलं, कारण मी जुना वाचलेला. माझ्या हातून तोच उतरला असता, म्हणजे पुन्हा नक्कलच. मी फक्त कोणत्या चिन्हाचं कोणतं अक्षर व्हायला हवं एवढं कागदावर मांडून दिलं आणि त्या बाईंनी कोड लिहिला. त्यात बरेच दिवस आमच्या गावाचं नावच फुटायचं. ‘ऱ्हा’ नीट जुळायचा नाही. त्याने तो कसा जुळवला होता हे मला पाठ होतं, आणि नेमकं तेच सांगायची मुभा नव्हती. बाई पत्रातून विचारायच्या, “काही सुचतंय का?” मी “नाही” लिहायचो.

शेवटी जमलं. त्या दिवशी मित्राच्या फाइली मी एकेक करून काढून टाकल्या. अर्ध्या मिनिटाचं काम होतं, मी दुपारभर बसलो होतो.

दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा आपण सांगावं म्हणून मधल्या सुट्टीत शाळेत गेलो.

“म्हणजे त्यांचं आता काही नाही त्यात?” वहिनींनी विचारलं.

“जुन्या नोंदींत आहे. नावासकट. चालू प्रोग्राममध्ये नाही.”

“त्या नोंदी कुणी बघतं?”

“क्वचित.”

त्यांनी मान हलवली. सही केली असती तर राहिलं असतं, हे मी बोललो नाही. त्यांना ते कळलं होतं असं मला वाटलं. घंटा झाली आणि त्या वर्गात गेल्या.

अजूनही बाजारात भेटतात. घरच्यांची चौकशी करतात. कम्प्युटरचा विषय दोघंही काढत नाही.