चार दारं, एक बाजार

बाजारात वांगी घेताना तुम्ही चार भाजीवाल्यांना भाव विचारता की नाही? मग तेव्हा कुणी म्हणतं का, हा माणूस उपाशी मरायला टेकलाय म्हणून दारोदार हिंडतोय? नाही म्हणत. पण कळस गावच्या म्हाळसाबाईला बँकवाल्यांनी नेमकं तेच म्हटलं. तेही तोंडावर नाही, एकमेकांच्या फोनवर!

साल १९९६. म्हाळसाबाई मेंढरंवाल्यांच्या घरची. सासऱ्यानं कळप विकून जमीन केली, मेंढरं गेली, पण बाईची चाल कळपापुढं चालणाऱ्याचीच राहिली. तिला मिरची कांडायचं यंत्र घ्यायचं होतं. कळसच्या बायका मसाल्यासाठी मिरचीचं गाठोडं घेऊन एसटीनं बारामतीला जायच्या, अख्खा दिवस मोडायचा. बाईनं स्टँडजवळचा गाळा हेरून ठेवला. गाळेवाला म्हणाला, शिमग्यापर्यंत थांबतो, पुढं नाही. शिमगा सरला की मसाल्याचा हंगाम लागतो. तोवर यंत्र आलं नाही तर गाळाही गेला आणि वर्षही गेलं.

कर्ज कसं काढायचं, याची तिला एकच रीत ठाऊक, मेंढी घेण्याची. मेंढरातला माणूस पहिल्याच मेंढीवर पैसे टाकत नाही. चार कळपांत शिरतो, पाठीवर हात दाबून बघतो, मगच तोंड उघडतो. बाई बाजाराच्या दिवशी बारामतीतल्या दोन बँका आणि एक पतसंस्था फिरली, दुसऱ्या दिवशी इंदापूरची एक बँक. चारही ठिकाणी अर्ज ठेवला. जिथं व्याज कमी, तिथं घेऊ.

तेव्हा कुणाची पत संगणकावर दिसत नव्हती. अर्ज आला की साहेब आसपासच्या शाखांना विचारायचे, या नावावर तुमचं काही येणं आहे का? चौघांनी एकमेकांना विचारलं. येणं कुणाचंच निघालं नाही. पण चारही ठिकाणी अर्ज पडलाय एवढं मात्र सगळ्यांना कळलं, आणि चौघांनी एकच अर्थ लावला. बाई अडचणीत आहे. चारही ठिकाणी नकार.

शेजारच्या भामाबाईनं डिवचलंच. "काय गं म्हाळसे, बँका हिंडून आलीस म्हणं! काय पडलं पदरात?"

"पाय दुखलं. तुझ्या मिरच्या कांडताना वसूल करीन."

मग ती माझ्याकडं आली. असली भांडणं घेऊन मी तालुकाभर फिरायचो, हे तिला माहीत होतं. मी तिला घेऊन थेट बारामतीच्या पहिल्या बँकेत, मॅनेजर मोहनरावांपुढं उभा राहिलो आणि टेबलावर हात आपटला. "विचारणं हा गुन्हा हाय का ओ?"

बाईनं माझा सदरा ओढला. "दादा, तुमी बसा खाली. माझी मेंढी मी इकते."

मोहनराव म्हणाले, "बाई, चार ठिकाणी हात पसरल्यावर आम्ही काय समजायचं?"

"सायेब, बाजारात मेंढी आणली की तिच्या पाठीला किती हात लागत्यात?"

"लागतात की. पन्नास लागतील."

"मग तिनं पन्नास बाजार केलं म्हणायचं, का एकच?"

मोहनराव हसले. पण माणूस कच्चा नव्हता. "एकच. पण तीच मेंढी दर आठवड्याला बाजारात दिसायला लागली तर?"

"मग मी बी घ्यायची न्हाय. खोट आसंल तिच्यात. पर माझं यंत्र एक आन् बाजार बी एकच. तुमी न्हाय म्हणल्यावर मी पाचव्या दारात गेली का, इचारा की फोन लावून!"

त्यांनी फोन लावले. पाचवं दार कुठंच नव्हतं. मग म्हणाले, "ठीक. पण नकार मिळाला तरी बाकीचे तीन अर्ज तिथं पडूनच आहेत, ते मागं घ्या. उद्या माझ्यासारखं त्यांचंही मन फिरलं, चौघांनी होकार दिला आणि तुम्ही चार कर्जं उचलली, तर फेडाल कशी? आमची भीती ती आहे."

मला राग आला, पण बोलणं खरं होतं. बाई तर तोवर दाराबाहेरही पडली होती. पतसंस्था, दुसरी बँक, मग जीपनं इंदापूर. दिवस मावळायच्या आत तिन्ही अर्ज मागं घेतले. त्याच आठवड्यात कर्ज मंजूर!

शिमग्याच्या आधी कळसच्या स्टँडवर यंत्र धडधडलं. पहिली पाटी कुणाची? भामाबाईची! मोहनराव पाहणीला आले आणि दारातच शिंकायला लागले. थांबेचनात.

"सायेब," म्हाळसाबाई ओरडली, "चारदा शिंकलात! अडचण हाय का काय?"

सगळ्या बायका हसल्या. मोहनरावसुद्धा, डोळे पुसत.

हप्ता तिचा एकही चुकला नाही. पुढं त्याच बँकेनं तिला शेवयांचं यंत्रही दिलं, आणि या वेळी तिनं दुसरं दार ठोठावलंच नाही.

तेव्हा तुम्ही टेबलाच्या त्या बाजूला बसत असाल, तर एवढं करा. कुणी चार ठिकाणी विचारून आलं म्हणून कपाळाला आठी घालू नका. आधी त्याला समोर बसवा आणि विचारा, बाबा, बाजार एक केलास की चार?