धाकट्या मास्तरांची गादी

नाशिकच्या जुन्या भागात आमच्या बँडचं एकेकाळी राज्य होतं. थोरले मास्तर होते तोवर सिन्नरपासून येवल्यापर्यंत लोक आधी बँडला विचारत आणि मग लग्नाची तारीख धरत. नव्वदच्या दशकात ते गेले आणि त्यांचा मुलगा गादीवर बसला. मी क्लॅरिनेट वाजवायचो. दुसरं काही येत नव्हतं, त्यामुळे बँड टिकावा असं मालकापेक्षा मलाच जास्त वाटायचं.

धाकटे मास्तर म्हणजे गरीब गाय. कुणाला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं. ढोलवाले उशिरा आले तरी चालायचं, ट्रम्पेटवाल्यानं पुढं उभं राहायचा हट्ट धरला तरी चालायचं. लाल कोटांना सोनेरी झालर होती आणि आतली अस्तरं फाटलेली. बडा घर पोकळ वासा.

बँड ठरवण्याला आमच्यात सुपारी म्हणतात. एका दाट तिथीला त्यांनी सिन्नरची आणि येवल्याची, दोन्ही सुपाऱ्या घेतल्या. "निम्मे इकडं जा, निम्मे तिकडं," म्हणाले. कोण कुठं, हे सांगायचं धाडस झालं नाही. ज्यानं त्यानं आपापलं ठरवावं. ढोल-ताशेवाले सगळे एका गल्लीतले, एकमेकांना सोडून ते कुठं जातायत? ते सिन्नरच्या जीपमध्ये बसले. येवल्याच्या एसटीत आम्ही नुसते फुंकणारे.

येवल्यात घोड्यापुढं आम्ही जीव तोडून वाजवलं. नाचायला कुणी येईना. शेवटी नवरदेवाच्या मामानं विचारलं, "ढोल मागून येऊ राहिले का?" मी खाली बघत पुढचं गाणं धरलं.

सिन्नरचं वऱ्हाड मात्र नुसत्या ढोलावर दमेस्तोवर नाचलं. क्लॅरिनेट कुठंय, असं तिथं एकानंही विचारलं नाही. येवल्याच्या फजितीपेक्षा मला हेच जास्त लागलं.

पुढं डीजे आले, सुपाऱ्या आटल्या. मी सिन्नरच्या एका कारखान्यात काम धरलं आणि मास्तरांना सांगायला गेलो. वाटत होतं, आज तरी हा माणूस बापासारखा ओरडेल, जाऊ देणार नाही म्हणेल. तसं म्हणाले असते तर मी राहिलो असतो. त्यांनी चहा मागवला. पाळी कधीची, बस कुठून सुटते, सगळं विचारलं. मग दाराकडं एकदा बघून हळूच म्हणाले, "तिथं माझं काही जमेल का? विचारून बघशील?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांचा राग आला नाही.