अमृत ओव्हरसियरचं जोतं

सरावलीच्या गोविंदराव सावेंचा धाकटा पोरगा अमृत. वाडीत त्याचं मन रमलं नाही. ओव्हरसियरचं शिकून आला नि डहाणूत नकाशे काढत बसला. अंगाने काटकुळा, तोंडाने फटकळ, आणि हातात पेन्सिल आली की आडमुठा. ‘इथं खिडकी नको’ म्हणणाऱ्या बागायतदाराला तो सांगायचा, मग पेटाऱ्यात जाऊन झोप. अशाला कामं किती मिळणार?

चौसष्ट साली तलासरीच्या नाक्यावरच्या व्यापाऱ्यांनी कमिटी केली नि तीन मजली इमारत उठवायची ठरवली. खाली दुकानं, वर कचेऱ्यांना भाड्याने खोल्या. एवढं उंच त्या बाजाराने काही पाहिलं नव्हतं. काम अमृतकडे आलं ते मुंबईचा माणूस महाग पडत होता म्हणून.

त्याचा नकाशा कमिटीच्या घशाखाली उतरेना. वरच्या मजल्यांना समुद्राकडच्या अंगाला भिंत नाहीच, कारवीचे कूड, तेही न लिंपलेले, म्हणजे वारा आरपार जाईल नि पंख्यावाचून भागेल. छपराचं पाणी पन्हाळीने टाकीत, ते उन्हाळ्यात वापरायचं. आणि तळमजल्याच्या ऐन मध्यात, दोन दुकानं निघाली असती एवढी जागा, चारी बाजूंनी मोकळी. डोंगरातनं डोक्यावर भारे घेऊन येणाऱ्या माणसांनी कुणाला न विचारता तिथं टेकावं.

कूड नि टाकी खर्च वाचतो म्हणून चालली. मोकळ्या जागेवर मात्र कमिटीचा म्होरक्या चिमणशेठ अडला. “अमृतभाई, धंदा मांडतोय आपण. धरमशाळा नाय.” अमृतनेही हट्ट सोडला नाही. जागा नसेल तर नकाशा परत द्या म्हणाला. शेवटी ठरलं ते असं, की एक वरीस ती मोकळी ठेवायची. माणसं बसली तर कायमची त्यांची, नाही तर भिंती घालून गाळे. अमृतने हसत मान डोलावली. सावलीत माणूस बसणार नाही, असं कुठं झालंय?

उद्घाटनाला गोविंदराव बैलगाडीने आले. जोत्याच्या पायऱ्या चढून मोकळ्या जागेत गेले, काठीने फरशी ठोकून पाहिली. “आपल्या घरापुढच्या वट्याएवढं उंच जोतं घेतलंस. शोभा आली,” म्हणाले. बापाने जन्मात पहिल्यांदा चांगलं म्हटलं होतं. अमृत दिवसभर फुगून होता.

बाजाराचा दिवस आला. बायका भारे घेऊन आल्या नि खालीच, जोत्याच्या कडेला जी हातभर सावली पडली होती तिच्यात उकिडव्या बसल्या. वर कुणी चढेना. पुढच्या बाजारी तेच. अमृतला वाटलं दुकानदार हाकलतात. त्यांच्याशी भांडून पाहिलं, पण ते खरंच हाकलत नव्हते. मग त्याने वर पाण्याचा रांजण भरून ठेवला. तर बायका खाली उभ्या राहून ओंजळी धरायला लागल्या, कुणी तरी वरनं ओतील म्हणून. अमृतने कपाळाला हात लावला नि त्यांना अडाणी म्हणून शिव्याही घातल्या.

वरीस सरत आलं तेव्हा त्याला त्यांच्यात सोनीबाई दिसली. पूर्वी ती सावेंच्या कुरणात गवत कापायला यायची. त्याने तिला वरनं हाक मारली, ये, वर बस, ही तुमचीच जागा.

तिने तंबाखूची चिमूट गालात सरकवली. “तुमचे घरचे वट्यावर कोण बसं?”

“आम्ही.”

“नि आमी?”

अमृतची नजर पायऱ्यांवर गेली.

“मंग?” म्हणाली नि तोंड फिरवून बसली.

वेठीला बोलावलेलं माणूस अंगणात बसायचं आणि हुकूम वट्यावरनं यायचा, हे अमृतने लहानपणापासून पाहिलेलं. वट्याची पायरी चढलेल्याला कसा मार बसायचा तेही. वेठ बंद झाली त्याला बरीच वर्षं लोटली होती. जोतं कमरेएवढं घेतलं ते पावसाच्या पाण्यासाठी, असं त्याने कमिटीला सांगितलेलं. पण नाक्यावर पाणी घोट्याच्या वर कधी चढलं नव्हतं. उंची कुणी मागितली नव्हती, घरचा वटा पाहून हातच तसा फिरला.

तो चिमणशेठकडे धावला. मधलं जोतं फोडून जमिनीला टेकवू, म्हणाला. शेठने त्याला चहा पाजला. “नवी इमारत फोडू? वरीस झाला, भाई. तूच बोलला होता.”

त्या वरसाच्या शेवटच्या बाजाराला अमृत पायऱ्या उतरला नि सोनीबाईच्या शेजारी धुळीत मांडी घालून बसला. म्हटलं, असं तर असं.

पलीकडची बाई उठली. मग तिच्या शेजारची. सोनीबाईने भारा उचलला. सावेंच्या पोराने भुईवर बसावं नि आपण त्याच्या मांडीला मांडी लावावी, हे त्यांच्याने होईना. साऱ्या जणी उन्हात जाऊन उभ्या राहिल्या, भारे डोक्यावर घेऊन.

“सोनीबाई, बसा ना गं,” अमृत म्हणाला.

“तुमी बसा,” ती म्हणाली. रागाने नाही, उगाच रीत म्हणून.

अमृत तरी थोडा वेळ हट्टाने बसून राहिला. एका म्हातारीचे पाय तापल्या मातीत अदलाबदल व्हायला लागले. तेव्हा तो उठला, पँट झटकली नि डहाणूची मोटार धरायला निघाला. तो रस्ता ओलांडून गेल्यावर बायका परत जोत्याला येऊन टेकल्या. त्यांच्या डोक्यावर, मोकळ्या जागेत, गवंडी विटा रचून ठेवत होते.