नामदेवच्या पिकअपचं एस्टिमेट

दोन जुने भिलाईवाले एका ठिकाणी बसले, की तिसऱ्या मिनिटाला किस्से सुरू होतात. लिहून ठेवले असते तर पोतं भरलं असतं! आमच्या कॅम्प-१ च्या क्वार्टरांच्या लाइनीतले निम्मे किस्से तर एकट्या नामदेवच्या पिकअपचे.

नामदेव माझा शेजारी, प्लांटमध्ये फिटर, भंडाऱ्याकडचा. त्याची माय गावी एकटी. स्टेशन गावापासून लांब, आणि रेल्वेबद्दल तिचं मत पक्कं होतं. "जे आपल्यासाठी थांबत नाही, त्यात मी बसत नाही!"

तेव्हा भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता. आम्ही सगळेच घर सोडून आलेलो, आठवण सगळ्यांनाच यायची. पण हा मायच्या आठवणीने जेवता जेवता थांबायचा. शेवटी मायला आणण्यासाठी त्याने लष्कराच्या लिलावातली एक जुनी अमेरिकन पिकअप घेतली. विकणारा म्हणाला, "इंजन थोड़ा खोलना पड़ेगा, बस!"

गाडी घरी आली ती बैल जुंपून.

*

इंजिन आपणच बांधायचं ठरलं. एस्टिमेट केलं वसंतरावांनी. ते आमच्याच लाइनीतले, ऑफिसात क्लार्क, त्यामुळे काम अगदी कायदेशीर. रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, ऑइल, मिळून तीनशे चाळीस रुपये. खाली सही, वर तीन प्रती!

नामदेवची बायको शेवंता चूल फुंकत म्हणाली, "भाऊजी, यात चहा कुठं लिहिला?"

आम्ही हसलो. पण मदतीच्या नावाखाली अख्खी लाइन येऊन बसायची. इंजिनात ऑइल गेलं नसेल एवढा आमच्या पोटात चहा गेला!

*

नामदेव रशियन इंजिनिअरांच्या हाताखाली तयार झालेला, त्याचं सगळं माप मिलिमीटरमध्ये. सिलिंडर मोजून त्याने नागपूरच्या दुकानदाराला पत्र टाकलं: रिंगा एक सेट, ओव्हरसाइज तीस, म्हणजे मूळ मापाहून तीस भाग मोठ्या. याच्या डोक्यात मिलिमीटरचे शंभरावे भाग. गाडी अमेरिकन, म्हणून दुकानदाराच्या डोक्यात इंचाचे हजारावे भाग, म्हणजे अडीचपट मोठे!

रिंगा आल्या त्या इतक्या मोठ्या, की सिलिंडरमध्ये जाईनात. दुकानदार परत घेईना.

"मंग सिलिंडरच मोठा करू," नामदेव म्हणाला. झालं! सिलिंडर आतून कोरायचं बोरिंग आलं, नवे पिस्टन आले, एस्टिमेट जवळपास दुप्पट.

शेवंताने कपाळाला हात लावला. "बाप्पा! अंगठी मोठी आली म्हणून बोट जाड करून राहिले!"

*

मायची पत्रं गावचे मास्तर लिहून द्यायचे. प्रत्येकात एकच विचारणा, गाडी कधी येते? नामदेवही कामाची सगळी हकीकत कळवायचा. एकदा त्याने लिहिलं, क्रँक फार झिजली होती, आता बरी आहे.

उत्तर आलं, "क्रँक बरी झाली, वाचून जीव भांड्यात पडला. पोरीले रोज हळदीचं दूध देत जा."

इंजिनातल्या दांड्याला हळदीचं दूध! वसंतराव हसून हसून खाटेवरून पडायचे राहिले. नामदेव हसला नाही. पत्र घडी करून त्याने खिशात ठेवलं.

*

अखेर इंजिन सुरू झालं आणि माय आली, पुढच्या सीटवर बसून! महिनाभर राहिली. रोज कुणाला ना कुणाला बोलावून खाऊ घालायची. तिच्या हातची कोथिंबीर भरलेली सांबारवडी खाताना मला माझं घर आठवायचं, आणि खोटं कशाला बोलू, डोळे भरून यायचे.

मग एक दिवस ती म्हणाली, "धान कापाले आलं. मले आता पोचवून दे."

रविवार ठरला. निरोप द्यायला आम्ही सकाळीच गेलो. माय गाठोडं घेऊन पायरीवर बसलेली. समोर पिकअपचं बॉनेट उघडं, सगळं इंजिन खोललेलं, चटईवर पिस्टन ओळीने मांडलेले! नामदेवचे हात कोपरापर्यंत काळे.

"कावून रे?" वसंतराव ओरडले. "काल तं मस्त चालून राहिली होती!"

"आवाज येऊन राहिला होता," नामदेव मान वर न करता म्हणाला.

माय उठली. चटईजवळ येऊन तिने पिस्टन पाहिले, मग लेकाकडे पाहिलं. गाठोडं आत ठेवून आली आणि त्याच्याजवळ खाली बसली.

"नीट कर, बाबा," ती म्हणाली. "घाई नोको करू."