थंड झाल्यावर मोजायचं

लॉकडाऊनच्या पहिल्या हिवाळ्यात मी नेदरलँड्समधल्या बेस्ट गावातल्या एका छोट्या वर्कशॉपच्या मालकांना शिकवायला जात असे. ते लहानपणी सुरिनामहून आलेले, कृष्णवर्णीय, पन्नाशीचे. वीस वर्षं त्यांनी नाटक-गाण्यांच्या स्टेजसाठी धातूचे सुटे भाग बनवले होते. कार्यक्रम बंद पडले आणि कामही थांबलं. जवळच्या आइंडहोवन शहरातल्या, चिप बनवायची यंत्रं तयार करणाऱ्या कंपन्यांना माल द्यायचा, तर मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत, मोजून रिपोर्ट जोडावा लागतो. तो त्यांनी कधी केला नव्हता. मी क्वालिटी इंजिनिअर. नगरपालिकेच्या एका योजनेत शिकवायला नाव दिलं होतं.

दार सताड उघडं, तोंडाला मास्क, मध्ये दीड मीटर. अशा थंडीत ते भराभर शिकले. एकदा सहज म्हणाले, की नवं गिऱ्हाईक व्हिडिओवर त्यांना पाहिलं की आधी मालक कुठे आहेत असं विचारतं.

आइंडहोवनच्या एका कंपनीला पहिले नमुने पाठवायच्या दिवशी कुरिअर दारात उभा होता. ॲल्युमिनियमचे भाग नुकतेच मशीनवरून उतरले होते.

"थांबू या. अजून कोमट आहेत," ते म्हणाले.

मी आकडे पाहिले. सगळे बरोबर होते. "पाठवा," मी म्हटलं.

आठवड्याने सगळे परत आले, मापापेक्षा बारीक. गार झाल्यावर धातू आकसला होता. कॉलेजात शिकलेली साधी गोष्ट मी घाईत विसरले होते. मी त्यांची माफी मागितली. कंपनीलाही लिहिलं की घाई माझी होती, मालकांनी थांबायला सांगितलं होतं, आणखी एक संधी द्या. उत्तर येईपर्यंत घास गोड लागेना.

संधी मिळाली. या वेळी त्यांनी भाग दुसऱ्या दिवसापर्यंत तसेच ठेवले, मग स्वतः मोजले. मी नुसती बघत राहिले.

नमुने पास झाल्याची मेल त्यांनी दोनदा वाचली, चष्मा काढला आणि स्टुलावर बसले.

"आता वर्कशॉप विकायला नको," ते हळूच म्हणाले आणि बायकोला फोन लावला. माझाही जीव भांड्यात पडला.

उन्हाळ्यात रॉटरडॅमचे दोन कृष्णवर्णीय कारखानदार त्याच योजनेच्या ऑनलाइन वर्गात शिकायला आले. मोजमापाचा तास मी बेस्टच्या मालकांनाच घ्यायला सांगितला. ते माझ्यापेक्षा सावकाश आणि नीट शिकवतात.